लांब बासरीचे जनक

मुलांनो, विरारहून चर्चगेटला जाताना मालाड स्टेशन लागते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढलेल्या 'बसंत' (१९४२) चित्रपटाचे संगीतकार होते पन्नालाल घोष. त्यांचा जन्म १९११ साली बारिसाल (आता बांगलादेशात) येथे झाला.

त्या काळी बासरी आखूड असे. तिच्यावर लोकगीते छान वाजत. पण रागाचे संथ, खोल स्वर निघत नसत. म्हणून मैफलीत तिला मान नव्हता. पन्नालालांनी निरनिराळ्या नळ्यांवर प्रयोग केले. शेवटी त्यांनी सुमारे ३२ इंच लांब बांबूची बासरी निवडली व तिला सातवे छिद्र पाडले. १९४७ पासून ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकले. गुराख्याचे वाद्य मैफलीत पोहोचले!

१९६० साली ते वारले. आजही कारागीर तशाच लांब बासऱ्या बनवतात. अशी बासरी ऐकाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.