घुमणारी खोली आणि सॅबिन यांच्या गाद्या

कोथरूडमधल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये महागडे स्पीकर येतात, पण गाणे काही सुटे ऐकू येत नाही. गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती, काचेची सरकती दारे. सूर त्यांवर आपटून परततो आणि पुढच्या सुरात मिसळतो. कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांना तर अशा खोलीत टीव्हीवरचे शब्दही उमगत नाहीत. मग आवाज वाढवला जातो आणि घुमणेही वाढते.

या घुमण्याचे गणित मांडले वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी. जन्म १८६८, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत असताना, १८९५ मध्ये, तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहाची तक्रार त्यांच्याकडे सोपवण्यात आली. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या मागून आणल्या. मध्यरात्रीनंतर, रस्ता शांत झाला की ऑर्गनची एक नळी वाजवायची, ती थांबल्यावर आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचे. सकाळी गाद्या परत! अंगावरच्या कपड्यांनीही मापात फरक पडतो हे लक्षात येताच त्यांनी हजारो नोंदी बाद केल्या आणि पुढे ठरावीक कपड्यांतच प्रयोग केले. एवढा काटेकोरपणा विरळाच.

त्यातून सूत्र हाती आले: खोलीचे घनफळ जास्त तितका आवाज रेंगाळतो, शोषणारे पृष्ठभाग जास्त तितका लवकर विरतो. त्याच आधारावर उभारलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल १९०० मध्ये खुले झाले आणि आजही नावाजले जाते.

घरातही उपाय तोच. जाड गालिचा, चुणीदार जाड पडदे, कापडी सोफा, पुस्तकांनी भरलेले कपाट. पातळ पडदा मात्र फक्त वरच्या पट्टीचे सूर शोषतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमघुम त्याला दाद देत नाही. लहान खोलीत ती कोपऱ्यांत आणि भिंतीलगत साठते. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, ऐकणाऱ्याची खुर्चीही भिंतीपासून थोडी पुढे घ्यावी. याला पैसे लागत नाहीत.

सॅबिन यांच्या पत्नी जेन डॉक्टर होत्या. पहिल्या महायुद्धात सॅबिन यांनी विद्यापीठाचे काम सांभाळून सरकारसाठी अतोनात कष्ट उपसले. मूत्रपिंडाच्या विकारावरील शस्त्रक्रियेनंतर जानेवारी १९१९ मध्ये, अवघ्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा नऊ वर्षे बाकी होती.