व्यंकटेश बापूजी केतकर
व्यंकटेश बापूजी केतकर (जन्म : नरगुंद, १८५४, मृत्यू : विजापूर, ३ ऑगस्ट १९३०) हे ज्योतिर्गणितज्ञ आणि पंचांगसंशोधक होते. गुरूच्या उपग्रहांच्या गतींमधील एका नियमाच्या आधारे त्यांनी १९११ मध्ये नेपच्यूनपलीकडे दोन अज्ञात ग्रह असावेत, असे भाकीत केले.

जीवन व ग्रंथ

केतकरांचे जन्मगाव नरगुंद (आता कर्नाटकात) ही भावे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. १८५८ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी ते संस्थान खालसा केले. केतकर व्यवसायाने शाळाशिक्षक होते. पाश्चात्त्य वेधांवर आधारलेले ग्रहगणित भारतीय पद्धतीत बसवणारा 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा प्रमुख संस्कृत ग्रंथ होय. 'केतकी ग्रहगणितम्', 'वैजयंती' व मराठीतील 'नक्षत्रविज्ञान' हे त्यांचे अन्य ग्रंथ.

पंचांगवादात केरो लक्ष्मण छत्रे व लोकमान्य टिळक रेवती पक्षाचे, तर केतकर चित्रा पक्षाचे होते. दोन्ही पक्षांच्या राशिचक्राच्या आरंभस्थानांत सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ गुरूच्या सिंह राशीतील प्रवेशाशी निगडित आहे आणि ४ अंश चालण्यास गुरूला सरासरी दीड महिना लागतो. स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रा पक्षाला अनुसरूनच अयनांश ठरवले.

नेपच्यूनपलीकडील ग्रह

आयो गुरूभोवती चार प्रदक्षिणा करतो तेवढ्या काळात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक प्रदक्षिणा होते. हे तिन्ही उपग्रह गुरूच्या एकाच बाजूस एका रेषेत कधीच येत नाहीत, असे लाप्लास यांनी दाखवले होते. असाच संबंध युरेनस, नेपच्यून व त्यांपलीकडील अदृश्य ग्रहांत असावा, असे केतकरांनी मानले. फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी या ग्रहांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे ३९ खगोलीय एकके व प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे असा त्यांचा हिशेब होता.

फेब्रुवारी १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे अंतर सुमारे ३९.५ एकके व प्रदक्षिणाकाल २४८ वर्षे आहे. यावरून प्लूटोच्या शोधाचे श्रेय केतकरांना देण्याचा मोह होतो. परंतु ते योग्य नाही. ग्रह आकाशात कोठे शोधावा, हे त्यांच्या लेखावरून कळत नव्हते आणि विष्णू आजवर सापडलेला नाही. तथापि प्लूटो नेपच्यूनशी ३:२ अशा गतिबंधाने खरोखरच बांधलेला आहे, ही गोष्ट पुढे १९६० च्या दशकात स्पष्ट झाली. दूरच्या ग्रहांतही असे बंध असू शकतात, एवढी त्यांची दृष्टी अचूक ठरली.

उपग्रहांची साखळी व जीवसृष्टीचा प्रश्न

केतकरांच्या काळी हे उपग्रह म्हणजे दुर्बिणीतले प्रकाशबिंदूच होते. लाप्लास यांच्या त्याच साखळीमुळे आयो व युरोपा यांच्या कक्षा पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाहीत, त्यामुळे गुरूच्या ओढीने त्यांचे अंतरंग सतत पिळले जाऊन तापते. आयोवरील जागृत ज्वालामुखी १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने टिपले. युरोपाचा पृष्ठभाग विषुववृत्तावरही उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असून तो तीव्र प्रारणात न्हालेला आहे. मात्र बर्फाच्या कवचाखाली पृथ्वीवरील सर्व महासागरांहून अधिक खारे पाणी असावे, असे गॅलिलिओ यानाच्या निरीक्षणांवरून मानले जाते. तेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. जीव असलेच, तर त्यांना तळाच्या खडकातून मिळणाऱ्या रासायनिक ऊर्जेवर जगावे लागेल. तेथील परिस्थिती जीवसृष्टीला पोषक आहे का, हे तपासण्यासाठी नासाचे युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून ते २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे.