हवामानाची नाडी जाणणाऱ्या अ‍ॅना मणी

नंदुरबार जिल्ह्यातील मोलगी हे सातपुड्याच्या कुशीत वसलेले गाव. हिवाळ्यात येथे कडाक्याची थंडी पडते. जवळच्या डाब परिसरात तर काही वेळा पहाटे दवबिंदूही गोठतात. कधी अवेळी पाऊस येतो, कधी गारा पडतात. आसपासच्या पाड्यांवरून मुले डोंगरवाटेने शाळेत येतात. थंडीची लाट किंवा वादळी पाऊस येण्याची शक्यता आदल्या दिवशी कळली, तर शाळेची वेळ बदलता येते किंवा सुट्टी देता येते. पण अंदाज खरा ठरायला आधी मोजमाप अचूक हवे. त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे अ‍ॅना मणी.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी केरळमधील पीरमेड येथे झाला. त्यांना वाचनाचे विलक्षण वेड होते. आठव्या वाढदिवशी घरच्यांनी हिऱ्याची कर्णफुले देऊ केली, तेव्हा त्यांनी त्याऐवजी ज्ञानकोश मागून घेतला! गांधीजींच्या प्रभावामुळे त्या खादी वापरू लागल्या.

पुढे बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांवर संशोधन केले. पाच शोधनिबंध लिहिले. तरीही एम. एस्सी. पदवी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्या खचल्या नाहीत. १९४५ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास केला.

१९४८ साली मायदेशी परतून त्या पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. अ‍ॅना मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशातच तयार होऊ लागली. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते.

अचूकतेचा एवढा आग्रह कशासाठी? हकीम नाडी पाहून दुखणे ओळखतो. तसेच हवामानतज्ज्ञ अनेक ठिकाणचे तापमान, हवेचा दाब, वारा व आर्द्रता पाहून पुढचा अंदाज बांधतात. एका ठिकाणचे उपकरण जरी चुकले, तरी अंदाज फसू शकतो. म्हणून चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, असे त्या मानत.

सूर्याची उष्णता, ओझोन वायू आणि वारा यांच्या मोजमापातही त्यांनी मोलाची कामगिरी केली. १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. पण काम थांबले नाही. देशभर सातशेहून अधिक ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजण्याची मोहीम त्यांनी हाती घेतली. पवनचक्क्या कोठे उभाराव्यात, हे ठरवायला त्याचा उपयोग झाला.

१६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. मुलांनो, हवामानाचा इशारा ऐकून तुम्ही सुखरूप घरी थांबता, तेव्हा त्यामागे अशा चोख कामाची पुण्याई असते.