आपल्याच पक्षाला जाब विचारणारे केशवराव जेधे

स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या काँग्रेसला शेतकऱ्यांना दिलेल्या वचनांची आठवण करून देणाऱ्या आणि त्यासाठी स्वतःची राजकीय कारकीर्द पणाला लावणाऱ्या नेत्याची ही जीवनकहाणी.

पुण्यातील स्वारगेटचा जेधे चौक ठाऊक नाही असा पुणेकर विरळाच. सातारा, सोलापूर, बारामतीकडे जाणारी वाहतूक रात्रंदिवस या चौकातून वाहत असते. मात्र ज्यांचे नाव या चौकाला दिले आहे ते केशवराव मारुतराव जेधे नव्या पिढीला बहुधा पाटीवरच भेटतात. महाराष्ट्राच्या राजकारणात बहुजन समाजाला मानाचे स्थान मिळवून देणारे नेते, शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक आणि बारामतीचे खासदार अशी त्यांची ओळख सांगता येईल. परंतु त्यांच्या आयुष्याचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. सत्तांतर झाल्यावर पराभूतांनी विजेत्यांना जाब विचारणे हा राजकारणाचा रिवाजच आहे. विजयी पक्षातच उभे राहून, गुलाल अंगावर असताना, दिलेल्या शब्दाचे काय झाले असे विचारणे मात्र फार थोड्यांना जमते. केशवरावांनी ते केले. त्याची किंमतही मोजली. पुढे त्यांनी जो मार्ग पत्करला, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या भूमिकेचाही हिशेब इतिहासाने मागितला.

केशवरावांचा जन्म २१ एप्रिल १८९६ रोजी पुण्यात झाला. शिवकाळात रोहिड खोऱ्याची देशमुखी सांभाळणाऱ्या कान्होजी जेध्यांचे हे घराणे. पुण्यात या कुटुंबाचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय होता. थोरले बंधू बाबूराव सत्यशोधक चळवळीत होते आणि शुक्रवार पेठेतील जेधे मॅन्शन ही वास्तू ब्राह्मणेतर चळवळीचे केंद्रच बनली होती. महात्मा फुले यांचा विचार आणि राजर्षी शाहू महाराजांची प्रेरणा घेऊन वावरणाऱ्या कार्यकर्त्यांची तेथे सदैव वर्दळ असे. १९२२ च्या सुमारास गणेशोत्सवात सुरू झालेल्या छत्रपती मेळ्याने पुण्याचे सार्वजनिक जीवन ढवळून काढले. पुढे नगरपालिकेत केशवरावांनी महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आणला. तो फेटाळला गेला, पण त्या निमित्ताने उठलेले वादळ दीर्घकाळ शमले नाही.

१९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक प्रकाशित झाले. त्याचे प्रकाशक केशवराव होते. लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहरी टीका करणाऱ्या या पुस्तकावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. खालच्या न्यायालयात शिक्षाही झाली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाजू मांडली आणि आरोपी निर्दोष सुटले. केशवरावांच्या सार्वजनिक जीवनाचा हा पहिला अध्याय असा तीव्र संघर्षाचा होता.

दुसरा अध्याय अनेकांना अनपेक्षित वाटला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मुंबई इलाख्यात ब्राह्मणेतर पक्षाच्या वाट्याला मंत्रिपद आले होते. भास्करराव जाधवांसारख्या नेत्यांनी सरकारात राहून समाजाचे हित साधण्याचा मार्ग धरला होता. मात्र परकी सत्तेच्या आधाराने सामान्य कुणब्याचे मूळ दुखणे दूर होणार नाही, अशी जाणीव तरुण पिढीत बळावत गेली. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वातावरणात केशवराव काँग्रेसकडे वळले आणि त्यांनी कारावासही पत्करला. ब्राह्मणेतर समाजाला राष्ट्रीय चळवळीत आणण्याच्या कामी त्यांना काकासाहेब गाडगीळांची साथ लाभली. एक ब्राह्मण वकील आणि एक ब्राह्मणेतर पुढारी अशी ही जोडी पुण्याच्या राजकारणात गाजली. दोघेही मध्यवर्ती विधिमंडळावर निवडून गेले. प्रांतिक काँग्रेसच्या अध्यक्षपदापर्यंत केशवराव पोहोचले. शेटजी-भटजींचा पक्ष अशी ज्या काँग्रेसची ग्रामीण महाराष्ट्रात संभावना होत असे, ती काँग्रेस खेड्यापाड्यांत रुजली, त्यात केशवरावांचा वाटा फार मोठा आहे.

वचनांचा उगम

काँग्रेसने खेड्यातील माणसाला नेमके काय देऊ केले होते? डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेडेगावात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्षस्थानी पंडित नेहरू होते. तेथे शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. शेतसारा आणि खंड यांत कपात, न परवडणाऱ्या लहान शेतीला सवलत, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, कुळाला जमिनीची शाश्वती ही त्याची प्रमुख कलमे होती. हा कार्यक्रम घेऊनच केशवरावांसारखे नेते गावोगाव फिरले होते.

या कलमांचे महत्त्व पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. वरकुटे ज्या इंदापूर तालुक्यात आहे, त्या तालुक्याने सत्तांतर आणि शेतसारा यांचे नाते शंभर वर्षांपूर्वीच अनुभवले होते. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि कंपनी सरकारने जमीनमोजणी करून नवा सारा बसवला. रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याची ही आकारणी इतकी जाचक ठरली की इंदापुरातील शेतकरी जमिनी टाकून परागंदा होऊ लागले. अखेर सरकारला आपला हिशेब चुकल्याचे ध्यानात घ्यावे लागले. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नवी, सौम्य आकारणी तीस वर्षांसाठी लागू केली. पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा हा पायाच ठरला. मुदत संपताच १८६७ मध्ये येथील सारा पुन्हा चढवण्यात आला. १८७५ मध्ये सुप्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला, कर्जरोखे जाळले गेले आणि त्याची धग इंदापूरपर्यंत पोहोचली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. राज्यकर्ता बदलला म्हणून शेतकऱ्याचे दैव आपोआप बदलत नाही आणि जाब विचारल्याखेरीज सरकार आकडे दुरुस्त करत नाही, हे या भागाचे जुने शहाणपण आहे.

सत्ता आल्यावर

बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने १९३७ मध्ये मुंबई प्रांतात सत्ता स्वीकारली. कुळांविषयीचा आणि कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये झाला, पण त्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ मध्ये खेर मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले. या वेळी देशाचे सत्तांतर दृष्टिपथात होते आणि सबबी सांगायला परके सरकार उरणार नव्हते.

प्रत्यक्षात खेड्यात काय दिसत होते? युद्धकाळात सुरू झालेली धान्याची सक्तीची लेव्ही चालूच होती. शेतकऱ्याचे धान्य ठरवून दिलेल्या भावाने जात होते आणि कापड, लोखंड, रॉकेल मात्र त्याला महाग मिळत होते किंवा मिळतच नव्हते. कुळाच्या डोक्यावर बेदखलीची टांगती तलवार होती. पक्षाची आणि मंत्रिमंडळाची सूत्रे मात्र शहरी, पांढरपेशा नेतृत्वाच्या हाती एकवटली होती. ज्यांच्या मतांवर सत्ता आली त्यांचा आवाज निर्णयाच्या जागी पोहोचत नव्हता.

या अस्वस्थतेतून केशवराव, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव आदी मंडळी एकत्र आली. १९४७ मध्ये, सत्तांतर घडत असतानाच, शेतकरी आणि कामकऱ्यांच्या हितासाठी त्यांनी संघटना उभारली. आरंभी हा गट काँग्रेसच्या अंतर्गतच होता. घरात राहून घरच्यांना वचनाची आठवण द्यावी, असा तो प्रयत्न होता. परंतु १९४८ मध्ये काँग्रेसने पक्षांतर्गत गटांना मज्जाव केला. समाजवादी बाहेर पडले, तसेच केशवराव आणि त्यांचे सहकारीही बाहेर पडले. शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे उभा राहिला. काकासाहेब गाडगीळ या वेळी नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. पुण्याच्या त्या गाजलेल्या जोडीतला एक जण दिल्लीच्या सत्तेत आणि दुसरा विरोधात, असे चित्र दिसू लागले. यशवंतराव चव्हाणांनीही काँग्रेसमध्येच राहून काम करण्याचा निर्णय घेतला.

केशवरावांच्या या पावलावर त्या काळी टीका झाली. मंत्रिपदे आणि प्रांतिक पक्षाची सूत्रे न मिळाल्याने दुखावलेल्या पुढाऱ्यांचे हे बंड आहे, असे काँग्रेसजन म्हणत. या आरोपात तथ्याचा अंश मुळीच नव्हता असे म्हणणे धाडसाचे होईल. सत्तेतील वाटा आणि तत्त्वाचा आग्रह यांची सरमिसळ राजकारणात नेहमीच होते. पण ज्या प्रश्नांवर हा पक्ष उभा राहिला ते प्रश्न खरे होते. लेव्हीचा जाच खरा होता, कुळांची बेदखली खरी होती. १९४८ मध्ये मुंबई सरकारने नवा कुळकायदा केला आणि १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कूळ हाच जमिनीचा मालक, हे तत्त्व मान्य केले. हे श्रेय एकट्या शेकापचे नव्हे. तरीही डाव्या बाजूने सतत होणाऱ्या रेट्याखेरीज सरकार इथवर आले असते, असे मानणे कठीण आहे.

परतीची वाट

विरोधी पक्ष चालवणे मात्र बंड करण्याहून अवघड ठरले. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारला. सत्यशोधकी वारसा, मराठा समाजातील मध्यम शेतकऱ्यांचा पाठिंबा आणि मार्क्सवादी परिभाषा यांचा मेळ बसेना. मतभेद वाढले, दत्ता देशमुखांसारखे सहकारी वेगळे झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी २६९ काँग्रेसने जिंकल्या आणि शेकापच्या वाट्याला अवघ्या १४ आल्या. १९५४ मध्ये केशवराव काँग्रेसमध्ये परतले. शंकरराव मोरे यांनीही पुढे तोच मार्ग धरला.

या पुनरागमनाचे मूल्यमापन कसे करावे? त्यांच्या चाहत्यांच्या मते, काँग्रेस डावीकडे झुकत होती आणि आत राहूनच बहुजनांचे हित साधणे शक्य होते. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी समाजरचनेचा ठराव केला, हे त्या अंदाजाला पूरकच होते. दुसरी बाजू अशी की, ज्यांनी त्यांच्या शब्दावर काँग्रेस सोडली, गावातील वैर पत्करले, त्या कार्यकर्त्यांना मध्येच वाऱ्यावर सोडल्यासारखे झाले. नेत्याला पक्ष बदलता येतो, पण गावातल्या कार्यकर्त्याला सोयरेधायरे, सोसायटी आणि पाटाचे पाणी तेच राहते. सत्ताधाऱ्यांना जाब विचारणाऱ्या नेत्यालाही आपल्या अनुयायांना जाब द्यावा लागतो, आणि या बाबतीत केशवरावांची बाजू लंगडी पडते हे मान्य केले पाहिजे.

तथापि, परतल्यावरही त्यांनी मौन पत्करले नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि महाराष्ट्र पेटून उठला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली, ती केशवरावांच्याच अध्यक्षतेखाली. काँग्रेसने भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व स्वातंत्र्यापूर्वीच मान्य केले होते आणि महाराष्ट्रापुरते ते बाजूला ठेवले होते. दिलेला शब्द आणि प्रत्यक्ष कृती यांतील अंतर दाखवून देण्याचे त्यांचे व्रत असे दुसऱ्यांदा प्रकट झाले.

१९५७ मध्ये ते बारामतीतून लोकसभेवर निवडून गेले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्याचा मंगलकलश यायला अवघे साडेपाच महिने उरले होते.

त्यांच्या पश्चात बारामतीत झालेली १९६० ची पोटनिवडणूक हा नियतीचा खेळच म्हणावा लागेल. काँग्रेसने केशवरावांचे पुत्र गुलाबराव यांना उमेदवारी दिली. केशवरावांनीच स्थापन केलेल्या शेकापने काटेवाडीच्या वसंतराव पवारांना उभे केले. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार त्या वेळी काँग्रेसच्या प्रचारात होते. गुलाबराव विजयी झाले. संस्थापकाचा मुलगा एकीकडे, त्याचा पक्ष दुसरीकडे आणि एकाच घरातले दोन भाऊ समोरासमोर, असे चित्र या मतदारसंघाने इतक्या आधी पाहिले होते.

केशवरावांच्या काळी पक्षांतराला कायद्याचा अटकाव नव्हता. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तो फक्त लोकप्रतिनिधी कोणत्या बाकावर बसला हे पाहतो. निवडणुकीत दिलेले वचन सत्तेवर आल्यावर पाळले का, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तो प्रश्न विचारण्याचे काम आजही पक्षातील जागरूक कार्यकर्त्यांवर आणि मतदारांवरच येऊन पडते.

केशवरावांनी हे काम सरकार नवे असताना, जनता विजयाच्या आनंदात असताना केले. त्यांच्या मागणीला फैजपूरच्या ठरावाचा लेखी आधार होता, म्हणून ती केवळ रुसवा म्हणून झटकून टाकता आली नाही. त्यांना चिकाटी कमी पडली असेल, पण त्यांनी निर्माण केलेला पक्ष त्यांच्याविना टिकला आणि पुढची अनेक दशके विधिमंडळात शेतकऱ्यांचे प्रश्न मांडत राहिला. सांगोल्याहून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख हे त्याच परंपरेतले.

वरकुट्याच्या मतदाराच्या दारी आजवर नाना रंगांचे झेंडे येऊन गेले. त्याचे प्रश्न मात्र पाण्याचे, भावाचे आणि जमिनीच्या उताऱ्याचेच राहिले आहेत. निवडणुकीपूर्वीचा जाहीरनामा जपून ठेवून वर्षभराने तो निवडून आलेल्यांसमोर धरण्याची सवय त्याला लागली, तर सत्तांतराला अर्थ येईल. १९४७ मध्ये केशवराव जेध्यांनी आपल्या पक्षासमोर फैजपूरचा ठराव धरला होता, तो याच हेतूने.