बेंजामिन हॉर्निमन : परक्या मुलखातला आपला माणूस

मी मुंबईला पहिल्यांदा गेलो तो एका परीक्षेच्या निमित्ताने. परीक्षा आटोपली आणि हाताशी अर्धा दिवस उरला. करकंबहून निघताना वडिलांनी सांगितले होते, वेळ मिळाला तर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय बाहेरून तरी पाहून ये. त्याप्रमाणे विचारीत विचारीत फोर्टात पोहोचलो आणि त्या भव्य पांढऱ्या इमारतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. समोर वर्तुळाकार बाग, भोवती एकसारख्या कमानींच्या जुन्या इमारती. पाटी वाचली : हॉर्निमन सर्कल. मनात आले, हा कोणी गोरा गव्हर्नर असणार. इतक्या रस्त्यांची आणि चौकांची इंग्रजी नावे बदलली, मग याचेच कसे राहिले?

परत आल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा कळले की मी अगदी उलटे समजलो होतो. त्या चौकाचे जुने नाव एल्फिन्स्टन सर्कल. ते एका गव्हर्नराच्या नावावरूनच पडले होते. स्वातंत्र्यानंतर ते पुसले गेले आणि त्या जागी एका दुसऱ्या इंग्रजाचे नाव लागले. तो गव्हर्नर नव्हता, न्यायाधीश नव्हता, सेनापतीही नव्हता. तो एक पत्रकार होता आणि इंग्रज सरकारनेच त्याला या देशातून हद्दपार केले होते.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म 1873 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात झाला. वडील आरमारात हिशेबखात्याचे मोठे अधिकारी. मुलाने मात्र लेखणी धरली. पोर्ट्‌समथच्या एका सायंदैनिकात उमेदवारी करून पुढे त्यांनी मँचेस्टर गार्डियनसारख्या नामांकित पत्रांत काम केले. 1906 मध्ये कलकत्त्याच्या स्टेट्समन या पत्रात नोकरी मिळाली आणि ते हिंदुस्थानात आले. वय तेहेतीसच्या आसपास. त्या काळी येथे येणारा गोरा माणूस पाच-दहा वर्षे राहावा, पैसा गाठीला बांधावा आणि परत जावा, अशी रीत. क्लब, बंगला, नोकरचाकर यांच्या कुंपणापलीकडचा देश त्याला फारसा दिसत नसे. हॉर्निमन आले तेव्हा बंगाल फाळणीविरुद्धच्या चळवळीने पेटलेला होता. बहुतेक गोऱ्यांच्या लेखी ही चळवळ म्हणजे नुसती बंडाळी. हॉर्निमन यांनी मात्र ती जवळून पाहिली.

1913 मध्ये सर फिरोजशहा मेहता यांनी मुंबईत बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक काढले. गोऱ्यांच्या मालकीची पत्रे सरकारची बाजू मांडीत, तेव्हा हिंदी लोकांची बाजू इंग्रजीतून, तितक्याच भक्कमपणे मांडणारे पत्र हवे, हा त्यामागचा हेतू. पहिले संपादक म्हणून त्यांनी हॉर्निमन यांना आणले. 1915 मध्ये मेहता वारले, पण पत्राचा रोख बदलला नाही, उलट अधिक धारदार झाला. ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगचे हॉर्निमन उपाध्यक्ष झाले. 1910 च्या मुद्रण कायद्याने सरकार पत्रांकडून जामीन मागे, तो जप्त करी आणि छापखाने बंद पाडी. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पत्रकारांच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते.

येथे थोडे थांबून मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळेच हॉर्निमन माझ्या मनातून जाईनात. माझे वडील नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या जिल्ह्यातून करकंबला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, आमचे घर इथे, मतदान इथे. मी शाळेत असताना एका संध्याकाळी पारावर पाण्याच्या पाळीवरून बोलणे निघाले. सर्वांच्या तोंडी एक आणि मनात दुसरे असे चालले होते. वडिलांनी सरळ सांगितले की ज्यांची शेते शेवटाला आहेत त्यांच्यावर अन्याय होतो आहे. त्यावर एक वडीलधारे गृहस्थ शांतपणे म्हणाले की बाहेरून आलेल्याने गावाच्या भांडणात पडू नये. वडील गप्प झाले. घरी येताना वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हापासून प्रश्न पडला होता : माणूस एखाद्या गावाचा, एखाद्या देशाचा होतो तरी केव्हा? आणि तिथल्या बऱ्यावाईटाबद्दल बोलण्याचा हक्क त्याला कोण देतो?

हॉर्निमन यांच्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. 1918 च्या डिसेंबरात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांची मुदत संपत आली. मुंबईच्या नागरिकांच्या नावाने त्यांचे स्मारक उभारण्याची टूम काही बड्या मंडळींनी काढली. याच गव्हर्नरांनी त्याच वर्षी जून महिन्यात युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांना बोलता बोलता अडविले होते आणि टिळक सभा सोडून निघून गेले होते. अशा गव्हर्नराचे गुणगान सर्व नागरिकांच्या वतीने कसे होऊ द्यायचे? 11 डिसेंबर रोजी टाउन हॉलमध्ये सभा होती. बॅरिस्टर जिना, हॉर्निमन आणि त्यांचे साथीदार सकाळपासूनच जागा धरून बसले. ठराव मांडताच विरोधाचा असा गजर झाला की सभा उधळली आणि पोलिसांनी सभागृह रिकामे केले. हा टाउन हॉल म्हणजेच मी ज्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो ती एशियाटिकची इमारत. ज्या दारातून पोलिसांनी निदर्शकांना बाहेर काढले, त्या दारासमोरच्या बागेला आज त्यांच्यापैकी एकाचे नाव आहे.

पुढचे वर्ष 1919. महायुद्धात हिंदुस्थानने माणसे दिली, पैसा दिला. 1917 च्या ऑगस्टमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन दिले होते. हाती आला तो रौलट कायदा. खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवण्याची, ज्यूरीशिवाय आणि अपिलाशिवाय न्यायनिवाडा करण्याची मुभा त्याने सरकारला दिली. गांधीजींनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार केली. तिच्यावर फेब्रुवारीत साबरमतीला प्रथम सह्या करणाऱ्या मोजक्या मंडळींत वल्लभभाई पटेल आणि सरोजिनी नायडू यांच्याबरोबर हॉर्निमन हेही होते. मुंबईच्या सत्याग्रह सभेचे अध्यक्ष गांधीजी, उपाध्यक्ष हॉर्निमन.

हिंदुस्थानला आपले म्हणणाऱ्या सर्वच परदेशी मंडळींना हे पसंत होते असे नाही. स्वतः ॲनी बेझंट, ज्यांना 1917 मध्ये सरकारने स्थानबद्ध केले होते आणि त्याच वर्षी ज्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या, त्यांनी सत्याग्रहाला विरोध केला. कायदा मोडण्याची सवय एकदा लागली की जमाव आवरत नाही, अशी त्यांची धारणा. त्यांच्या भीतीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण एप्रिलमध्ये काही ठिकाणी दंगली झाल्या आणि गांधीजींनाही सत्याग्रह थांबवावा लागला. पण हॉर्निमन यांचा विचार निराळा होता. त्यांच्या मते लोकांना मत देण्याचा अधिकार नाही, कायदा करणारे लोकांना उत्तर देण्यास बांधलेले नाहीत, अशा ठिकाणी शांततेने केलेला निषेध हीच लोकशाहीची पहिली पायरी. इंग्लंडमध्ये जे सरकारने केले असते तर ते उलथून पडले असते, ते हिंदुस्थानात केले म्हणजे न्याय्य कसे ठरते, हा त्यांचा साधा सवाल. माप एकच हवे. जन्मभूमीला एक आणि कर्मभूमीला दुसरे, हे त्यांना मान्य नव्हते.

13 एप्रिलला जालियनवाला बाग घडली. सरकारी आकड्याप्रमाणेच 379 माणसे मेली. लोकांच्या अंदाजाने याहून कितीतरी अधिक. पंजाबात लष्करी कायदा आला आणि बातम्यांचे दरवाजे बंद झाले. क्रॉनिकल गप्प बसेना. 26 एप्रिल 1919 रोजी सरकारने हॉर्निमन यांना ताब्यात घेऊन बोटीवर चढविले आणि इंग्लंडला रवाना केले. ना खटला, ना सुनावणी. त्यांच्या पत्राने दिल्लीच्या गोळीबाराविषयी खोटे छापले आणि त्याचे अंक गोऱ्या सैनिकांत वाटले गेले, असा ठपका पार्लमेंटमध्ये ठेवण्यात आला. पण आरोप खरा की खोटा हे ठरविण्यासाठी न्यायालय होते, तेथे त्यांना उभे केले गेले नाही. पत्रावर आधी तपासणीचे बंधन आले, ते काही काळ बंद पडले आणि ती उणीव भरून काढण्यासाठी गांधीजींनी यंग इंडिया आठवड्यातून दोनदा काढण्यास सुरुवात केली. हॉर्निमन यांच्या हद्दपारीच्या निषेधार्थ 11 मे रोजी शांततेने हरताळ पाळण्यास त्यांनी सांगितले. एका इंग्रजासाठी हिंदी लोकांनी दुकाने बंद ठेवली!

मात्र या कथेची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. हॉर्निमन यांना शिक्षा झाली ती मायदेशी पाठविण्याची. त्यांच्याच पत्राचे बातमीदार गोवर्धन दास यांना मात्र तीन वर्षांचा तुरुंगवास मिळाला. गुन्हा एकच, पण गोऱ्या कातडीला एक शिक्षा आणि काळ्या कातडीला दुसरी. हॉर्निमन यांचा गौरव करताना आपण गोवर्धन दासांचे नाव घेत नाही, ही आपलीही चूक आहे.

इंग्लंडमध्ये गेल्यावर हा माणूस स्वस्थ बसला असता तर कोणी दोष दिला नसता. तो स्वतःच्या देशात होता. तिथे तर जनरल डायरसाठी एका वृत्तपत्राने निधी उघडला आणि 26,000 पौंडांवर रक्कम जमा झाली. अशा वातावरणात हॉर्निमन यांनी 1920 मध्ये लंडनला अमृतसरच्या कत्तलीवर आणि इंग्लंडच्या हिंदुस्थानविषयीच्या कर्तव्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मुंबईत गावाबाहेरचा म्हणून बाहेर काढलेला माणूस आता स्वतःच्या गावातही परका झाला.

सहा वर्षांहून अधिक काळ सरकारने त्यांना परतू दिले नाही. दरम्यान क्रॉनिकलची संपादकी काही काळ मार्माड्यूक पिक्थॉल या दुसऱ्या इंग्रज लेखकाने केली, नंतर सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांनी. शेवटी नियमांतली फट शोधून जानेवारी 1926 मध्ये हॉर्निमन हिंदुस्थानात आले. परत येण्यासाठी इतकी धडपड कोण करतो? ज्याचे घर तिथे असते तोच.

पुढे त्यांनी स्वतःची पत्रे काढली, काही चालली, काही बुडाली. 1933 पासून बारा वर्षे त्यांनी बॉम्बे सेंटिनेल हे सायंदैनिक चालविले. 1941 मध्ये रुसी करंजिया यांच्या ब्लिट्झ साप्ताहिकाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. या काळातच, 1930 च्या मे महिन्यात, आपल्या सोलापुरात लष्करी कायदा लागला. 12 मे ते 30 जून हे शहर लष्कराच्या टाचेखाली होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांतले कुर्बान हुसेन हेही वर्तमानपत्र चालवीत. 1919 मध्ये अमृतसरसाठी हॉर्निमन का ओरडत होते, हे आम्हा सोलापूरकरांना पुरते कळले ते असे अकरा वर्षांनी.

हॉर्निमन यांनी स्वतंत्र हिंदुस्थान पाहिला. 16 ऑक्टोबर 1948 रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. आठवणी लिहावयास घेतल्या होत्या, त्या अपुऱ्याच राहिल्या.

आज आपल्या गावोगावची मुले दुबईला, जर्मनीला, अमेरिकेला आहेत. तिथे रस्त्यावर मोर्चे निघतात तेव्हा ती खिडकीतून पाहतात. बोलावे तर व्हिसाची भीती, न बोलावे तर मनाला टोचणी. त्यांना कोणी भित्री म्हणू नये. पोट हातावर असते. हॉर्निमन यांच्यासारखे धाडस सगळ्यांना साधणारे नाही आणि राज्यकर्त्यांच्या जातीत जन्मल्याचे जे कवच त्यांना होते, ते आपल्या मुलांना नाही. पण निदान आपण, जे आपल्याच देशात आहोत, त्यांनी बाहेरून आलेला म्हणून कोणाचे तोंड बंद करू नये. बोलण्याचा हक्क जन्माचा दाखला देत नाही. जिथले सुखदुःख आपण वाटून घेतो आणि बोलल्याची किंमत जिथे मोजतो, ते गाव आपले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि विचारले की पाण्याची पाळी हल्ली कशी चालते, शेवटच्या शेतांना मिळते का? मला ठाऊक नव्हते. उद्या पारावर जाऊन विचारून येतो, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी निघालो, तेव्हा चपला घालून ते आधीच दारात उभे होते.