काचपट्टीवरची नजर

वेड पांघरून पेडगावला जाणे, हा वाक्प्रचार कुणी वापरला की मला खुलासा करावा लागतो. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातले. माझे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, परभणीच्या अलीकडचे लहानसे स्थानक. पण कळूनही न कळल्याचे सोंग करण्यात आमचे गावही मागे नाही. शौचावाटे रक्त पडू लागले की त्याला सरळ मूळव्याध म्हणून टाकायचे, झाडपाला घ्यायचा, तिखट बंद करायचे आणि गप्प बसायचे. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरे. ज्याची नसते, त्याला मात्र एक दिवस गाडीचे तिकीट काढून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते.

या रुग्णालयाचे नाव निघाले की मला डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवतात. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. हल्ली आतड्यातल्या गाठी ओळखायला डॉक्टरांच्या मदतीला संगणक आला आहे. त्याविषयी वाचताना तर त्यांची आठवण अधिकच होते.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याकडचे, पण वसंतरावांचा जन्म झाला तो दूर क्वेट्टा येथे, १३ एप्रिल १८९५ रोजी. लंडन विद्यापीठातून १९२३ साली त्यांनी विकृतिशास्त्रात एम. डी. पदवी मिळवली. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवू लागले. विलायतेची एम. डी. पदवी हाताशी असताना दवाखाना थाटून पैसा मिळवणे अवघड नव्हते. त्यांनी विषय निवडला तो पडद्याआडचा. विकृतिशास्त्रज्ञाला रुग्ण सहसा भेटत नाही. भेटतो तो त्याच्या शरीराचा एक कण. तो मेणात बसवायचा, त्याचा पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, रंगवून काचपट्टीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगायचे, की हा कर्करोग आहे किंवा नाही. त्या एका शब्दावर एका घराचे भवितव्य टांगलेले असते.

१९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. इथे त्यांचे वेगळेपण दिसले. काचपट्टीवर निदान करून ते थांबले नाहीत; या माणसाला इथेच कर्करोग का झाला, असे ते विचारू लागले. मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. तंबाखू चघळण्याच्या सवयीचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध त्यांनी लावून धरला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेवर एकाच जागी घासून होणारा त्वचेचा कर्करोगही त्यांनी नोंदवला. असा रोग विलायती पाठ्यपुस्तकात कुठून सापडणार? धोतर नेसणाऱ्यांच्या देशात डोळे उघडे ठेवणाऱ्यालाच तो दिसणार!

आता थोडे आतड्याकडे वळू. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी कोंबासारख्या गाठी उगवतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी राहतात, पण काहींचा कर्करोग होतो. त्याला बहुधा दहाएक वर्षे लागतात. म्हणजे रोग आपल्याला भरपूर सवड देतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. वुल्फ आणि डॉ. शिन्या यांनी गुदमार्गातून लवचीक दुर्बीण घालून, तारेच्या फासाने पोट न फाडता पॉलिप काढून दाखवला. तेव्हापासून कर्करोग होण्याआधीच त्याचे मूळ खुडता येऊ लागले.

अडचण उरली ती डोळ्यांची. पॉलिप कधी चपटा असतो, कधी घडीआड दडतो. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिली, तेव्हा पहिल्या वेळी चारांतला साधारण एक पॉलिप निसटतो असे आढळले. इथे संगणक कामाला येतो. दुर्बिणीचे चित्र पडद्यावर सरकत असतानाच तो संशयास्पद जागेभोवती चौकट काढतो. इटलीत ६८५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, धोक्याच्या जातीचे पॉलिप शंभरांपैकी सुमारे ४० ऐवजी ५५ रुग्णांत सापडले. यात भर मुख्यतः लहान गाठींची होती, पण ती भरच. २०२१ साली अमेरिकेने अशा यंत्राला परवानगी दिली.

हे यंत्र शिकते कुणाकडून? डॉक्टरांनी खुणा करून दिलेल्या हजारो चित्रांवरून. आणि चित्रातला कोंब नेमका कोणत्या जातीचा, याचा निवाडा होतो तो काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणजे या नव्या विद्येचा गुरू अखेर खानोलकरांच्याच परंपरेतला आहे! मग त्यांचा प्रश्नही इथे विचारायलाच हवा. ज्या आतड्यांवर यंत्र शिकले, ती कुणाची? आपल्याकडे मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, आपला आहार वेगळा, आतड्याचे इतर विकारही वेगळे. परदेशात उत्तीर्ण झालेल्या यंत्राची परीक्षा आपल्या रुग्णांवर पुन्हा घ्यायला हवी.

दुसरा इशारा पोलंडमधून आला. तेथील चार केंद्रांतील अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. यंत्र येण्यापूर्वी डॉक्टरांना शंभरांपैकी २८ रुग्णांत असे पॉलिप सापडत. यंत्राची सवय झाल्यावर, त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत ते प्रमाण २२ वर आले. अशा एका अभ्यासावरून यंत्र मोडीत काढू नये. पण चौकटीची वाट पाहणारा डोळा आळसावू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

खानोलकरांनी मात्र नजर शेवटपर्यंत जागी ठेवली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या खुणांचाही त्यांनी काचपट्टीवर शोध घेतला. १९५४ साली पद्मभूषण मिळाले, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आले, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकाचा मान आला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. त्यांचे केंद्र आणि टाटा रुग्णालय १९६६ पासून एकाच छत्राखाली आले आहे.

त्यांच्या आयुष्यातून मला एक गोष्ट उमगते. निदान म्हणजे नुसते दिसणे नव्हे. जे दिसले ते कुणाचे, हे विचारणे. यंत्र डाग दाखवील. रुग्ण काय खातो, घरात आधी कुणाला हा रोग झाला होता, किती महिने त्याने दुखणे लपवले, हे डॉक्टरांनीच पुसायचे. आणि दुर्बीण ज्याच्यापर्यंत पोचलीच नाही, त्याच्यासाठी कितीही हुशार संगणक व्यर्थच.

तेव्हा वाचकहो, रक्त दिसले, शौचाची सवय अकारण बदलली, वजन उतरू लागले, तर लाजू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हळूच विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत. दहा वर्षांची सवड रोग देतो. ती दवडायची की वापरायची, हे आपल्या हाती आहे.