सावित्रीबाईंचे आडनाव

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सावित्रीबाई फुले यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. त्यांचे नाव आपण सर्वजणी घेतो. पण ‘फुले’ हे आडनाव आले कोठून, हे थोड्याच जणींना ठाऊक असेल.

सावित्रीबाई माहेरच्या नेवसे. सातारा जिल्ह्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० साली, नवव्या वर्षी, जोतीरावांशी लग्न होऊन त्या सासरी आल्या. सासरचे मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव कटगुण. आजेसासरे शेटिबा पुढे पुण्याच्या बाजूस आले. त्यांची मुले फुलांचा धंदा शिकली आणि पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरवू लागली. पेशव्यांनी प्रसन्न होऊन ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले.

फुलाझाडांवरून आडनावे सगळीकडे असतात. आपल्या उत्तनकडे परेरा आडनाव ऐकू येते. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ नाशपातीचे झाड. इटलीत फिओरे आडनाव आहे, म्हणजे फूलच!

मी सातवी शिकलेली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरे. एक बापाचे, दुसरे नवऱ्याचे. मग बाईने स्वतः कमावलेले त्यात काय? सावित्रीबाईंचे चरित्र वाचताना याचे उत्तर सापडते.

लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना शिकविले. १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेत लोक शेणमाती फेकीत. म्हणून त्या जादा लुगडे जवळ ठेवीत. शाळेपायी सासऱ्यांचे घर सुटले, पण शाळा सुटली नाही. १८५४ साली त्यांचा कवितासंग्रह निघाला. त्याचे नाव ‘काव्यफुले’. फसलेल्या विधवांसाठी १८६३ साली पतिपत्नींनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई नावाच्या विधवेचे मूल दत्तक घेतले. तो यशवंत फुले पुढे डॉक्टर झाला. वाड्यातल्या फुलांवरून पडलेले आडनाव असे एका निराधार बाळाच्या वाट्यास आले!

१८९० साली जोतीराव गेले, तेव्हा टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. १८९७ च्या प्लेगात आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला व १० मार्च रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. आडनाव सासरचे खरे, पण त्याला हा मान त्यांच्या कष्टांनी मिळाला.

भगिनींनो, येत्या ३ जानेवारीस आपण मंडळात जमू, तेव्हा प्रत्येकीने माहेरचे आणि सासरचे आडनाव कशावरून पडले, ते वडीलधाऱ्यांना विचारून यावे. आणि त्या नावात आपण काय भर घालणार, हेही मनाशी ठरवावे.